हार्सोयोंच्या ग्रंथामागचा आवाज

मित्रांनो, जावा बेटावरच्या योग्याकार्ता शहरातल्या एका घरातला मी जुना टेपरेकॉर्डर आहे. जुना असलो तरी विसरभोळा नाही. एकोणीस वर्षे मी डूख धरून होतो.

हार्सोयोंनी मला घेतले तेव्हा ते साधे मास्तर होते. माणसाच्या भूत-भविष्यावर ग्रंथ लिहायची त्यांना भारी हौस, पण कागद कोराच राहायचा. बोलायची ती त्यांची बायको, लास्त्री. केळीच्या पानात टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, बांधता बांधता ती माणसाच्या हजारो वर्षांची गोष्ट सहज सांगत जायची. मी तिच्या गुडघ्याशी बसून सगळे टिपायचो आणि हार्सोयो तिथेच जमेल तेवढे लिहून उरलेले माझ्याकडून ऐकून उतरवून काढायचे.

ग्रंथ देशभर गाजला. त्यावर नाव एकट्या हार्सोयोंचे. आभारातही लास्त्री नव्हती.

"तुझं नाव घातलं तर लोक हसतील गं," ते म्हणाले. ती पुन्हा टेंपे बांधायला बसली. मला मात्र संताप आला.

मग मलाही तांदळाच्या पोत्यांमागे टाकले. उंदरांनी माझी वायर कुरतडली. पोटातली शेवटची कॅसेट काढायची तसदीही हार्सोयोंनी घेतली नाही. ती मी जपली.

यंदा जावानी पंचांगातल्या सुरो महिन्यात, घराण्याच्या वस्तूंना फुलांच्या पाण्याने न्हाऊ घालतात त्या दिवशी, पाहुणे जमले, टीव्हीवाले आले. हार्सोयोंनी आजोबांच्या कट्यारीशेजारी मलाही मांडले. माझ्यातला रेडिओ लावून दाखवायचा बेत होता, म्हणून नवे सेल घातले.

"बापाक, यंत्राला पाणी लावायचं?" कॅमेरावाल्याने अदबीने विचारले.

"अहो, माझे सगळे विचार मी यातच बोललो. माझी कट्यार हीच," असे म्हणत त्यांनी ओले फडके माझ्या बटणांवर दाबून फिरवले.

बटण खाली गेले आणि लास्त्रीचा तरुण आवाज अंगणात घुमला. "माणसानं उद्यासाठी पहिली मूठ धान्य राखलं, तेव्हा भविष्य जन्माला आलं. लिहिलंत का?"

पाठोपाठ हार्सोयोंचा आवाज आला. "हळू सांग गं. मला काही सुचत नाही."

लास्त्रीचे ते धान्याचे वाक्य पाहुण्यांना हार्सोयोंच्या ग्रंथातून तोंडपाठ होते. हार्सोयो बटणे बडवत सुटले. पाणी आत शिरत होते, तरी मी थांबलो नाही.

पत्रकार मुलीने माईक वळवून चहा देणाऱ्या लास्त्रीपुढे धरला. "लास्त्रीबाई, यापुढचं वाक्य काय होतं?"

तिने ट्रे नवऱ्याच्या हातात दिला. "पुढचं मी यांना कधी सांगितलंच नाही."

त्या पाण्याने माझी मोटर गेली. त्याचे मला दुःख नाही. मित्रांनो, जुन्या यंत्रांची धूळ झटकत जा, त्यांना उंदरांच्या हवाली करू नका. आणि ज्याच्या तोंडचे घ्याल त्याचे नाव आधी लिहा.

नव्या आवृत्तीवर लास्त्रीचे नाव येते आहे. खाली बारीक अक्षरात हार्सोयोंचे, लेखनिक म्हणून. मला तेवढेही जास्त वाटते.