शेवटचा घोट

मित्रांनो, मी एक जुना प्याला आहे, रत्नागिरीतल्या एका छोट्या ख्रिस्ती मंडळीचा. तांबटाने मला पितळेतून घडवलं आणि आतून चांदीचा मुलामा दिला. नवा होतो तेव्हा असा झळकायचो की विचारू नका. थोडी घमेंडही होती मला.

माझं काम महिन्यातून एकदाच. प्रभुभोजनाच्या रविवारी सगळे रांगेने येत आणि माझ्यातून द्राक्षरसाचा एकेक घोट घेत. सर्वांना एकच प्याला, ही प्रभूचीच शिकवण. उरलेला शेवटचा घोट पाळकांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी घ्यायचा, ही आमच्या मंडळीची रीत.

मंडळीतल्या धाकूला कधीकाळी कुष्ठरोग झाला होता. औषध घेऊन तो ठणठणीत बरा झाला, पण बोटं आखूड राहिली. तो आपणहून रांगेच्या टोकाला उभा राही आणि मला दोन्ही तळव्यांत जपून धरी. जुने पाळक गंगाराम त्याच्यामागून उरलेला रस पिऊन टाकत, माझी कड न पुसता! त्या माणसाचा मला फार अभिमान वाटे.

गंगाराम वारले आणि विनीत पाळक आले. त्यांचं प्रवचन ऐकून लोकांचे डोळे भरून येत. पहिल्याच प्रभुभोजनाला धाकूचा घोट झाल्यावर ते मला घेऊन मागच्या दाराने बाहेर गेले. उरलेला रस त्यांनी फणसाच्या मुळाशी ओतला. धाकू तिथेच चपला घालत होता.

"पाळक, झाडाला तहान लागली व्हती काय?"

"तसं नाही, धाकूदादा. लोकांच्या मनात येतं..."

"लोकांच्या ना? बरा हाय. मी येत नाय आता. रस फुकट नको जायाला."

चर्च झाडणारी मैनाबाई त्याला बोलवायला दोनदा घरी गेली. तो आला नाही. ऑगस्टमध्ये तापाने गेला. दफनाला मात्र सगळी मंडळी लोटली, शवपेटीला खांदा द्यायला चढाओढ लागली. चर्चमधल्या प्रार्थनेत विनीत पाळक प्रेमावर सुंदर बोलले. मला किळस आली, खरंच सांगतो.

सगळे कबरस्तानातून परतल्यावर मैनाबाईने मला पाळकांसमोर आदळलं.

"मेल्यावर खांदा देताय. जिता व्हता तवा एक घोट नाय घेववला?"

पाळकांनी मला उचलून जागेवर ठेवलं. पुढच्या प्रभुभोजनाला शेवटचा घोट त्यांनी स्वतः घेतला, कड न पुसता. पण रांगेच्या टोकाला धाकू नव्हता.

मित्रांनो, आदळल्याने मला पोचा पडला आहे. तो काढू नका, मला चिंचेने घासलं नाही तरी चालेल. फक्त टोकाला कोणी उभा असेल, तर तो उभा आहे तोवर त्याच्यामागून प्या.