पिस्ता रंगाची ओढणी

एप्रिलमधल्या शेवटच्या रविवारी नंदकिशोर पाटणकर जेवून जरा लवंडणार, तेवढ्यात दाराची बेल वाजली. त्यांची बायको नीला हिनं दार उघडलं आणि ती बाजूला झाली. दारात गार्गी उभी होती, तिसऱ्या मजल्यावरच्या कारखानीसांची मुलगी. पाच वर्षांत ती या दाराशी आली नव्हती.

बोरीवलीतली त्यांची 'वनश्री' सोसायटी रिडेव्हलपमेंटला चालली होती. महिनाअखेर सगळ्यांनी घरं रिकामी करायची होती. निम्म्याहून जास्त बिऱ्हाडं हललीच होती, जिन्यात जिकडेतिकडे खोकी आणि सुतळीचे तुकडे पडले होते. शर्मिष्ठा कारखानीस लेकीकडे मुलुंडला राहायला जाणार होती आणि गार्गी दोन दिवसांपासून सामान बांधायला आलेली होती. पाटणकर सोसायटीचे सेक्रेटरी. काही हवं-नको विचारायला ते प्रत्येक घरी स्वतः जाऊन आले होते. कारखानीसांच्या तीनशे दोनमध्ये मात्र त्यांनी नीलाला पाठवलं होतं.

गार्गी आत आली नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "काका, दहा मिनिटं खाली येता का? त्या दिवशी मी नेमकी कुठे उभी होते, ते तुम्हालाच माहीत आहे."

कुठला दिवस, हे पाटणकरांनी विचारलं नाही. त्यांनी खुंटीवरचा शर्ट अंगात घातला आणि चपला शोधू लागले. त्या समोरच होत्या, तरी त्यांना सापडेनात. शेवटी नीलानं त्या त्यांच्या पायाशी सरकवल्या.

अनंत कारखानीस आणि पाटणकर बावीस वर्षांचे दोस्त. रोज पहाटे दोघं नॅशनल पार्कात फिरायला जायचे. अनंत औषध कंपनीच्या लॅबमधून रिटायर झालेला, मोजकं बोलणारा. पाटणकर विमा कंपनीतले, अखंड बोलणारे. चार किलोमीटरच्या फेरीत पाटणकरांनी बोलायचं आणि अनंतनं "असं होय" म्हणायचं, हे दोघांच्याही अंगवळणी पडलं होतं. गार्गीला दहावीला भूमिती पाटणकरांनीच शिकवली. तिच्या लग्नात वरातीच्या गाड्यांचं सगळं त्यांनीच बघितलं.

मग तो एप्रिल आला, करोनाच्या दुसऱ्या लाटेचा. देशभर माणसं ऑक्सिजनसाठी दारोदार फिरत होती, स्मशानांबाहेर रांगा होत्या, आणि फोन वाजला की उचलायची भीती वाटायची. त्या दोन महिन्यांत 'वनश्री'तलीच पाच माणसं गेली. अनंत त्यांतला तिसरा. आधी शर्मिष्ठाला ताप आला, मग त्याला. रिपोर्ट आल्यावर वॉर्ड ऑफिसची माणसं येऊन तिसऱ्या मजल्याला पट्टी लावून गेली. चौथ्या दिवशी दुपारी गार्गी मुलुंडहून स्कूटीवर आली. बरोबर पेजेचा डबा आणि मेतकुटाची बाटली. वर जायचं नाही, नुसतं दारातून बाबांना बघायचं, एवढंच ती मागत होती.

पाटणकरांनी तिला गेटाच्या आत घेतलं नाही. दोन मास्क लावून ते गेटाआड उभे राहिले आणि नियम आहे म्हणाले. ती रडली, मग चिडली, "काका, मी गार्गी आहे," असंही म्हणाली. ते हलले नाहीत. शेवटी त्यांनी तिला गल्लीच्या पलीकडे उभं राहायला सांगितलं, म्हणजे खिडकीतून दिसेल. ती तिथे तासभर उन्हात उभी राहिली. वर खिडकीत अनंत आला होता. दोघं फोनवर बोलत राहिले. त्या संध्याकाळी त्याचा ऑक्सिजन उतरला. अँब्युलन्स आली तेव्हा तो स्वतःच्या पायांनी जिना उतरला, आणि सहाव्या दिवशी गेला. गार्गीला त्याचा चेहरा पुन्हा दिसला नाही.

त्यानंतर भांडण असं काही झालं नाही. शर्मिष्ठा बरी झाली, दिवाळीला फराळाचं ताट पाठवू लागली, जिन्यात भेटली तर अजूनही "नंदूभावजी" म्हणायची. त्या हाकेनं पाटणकरांना जास्तच मेल्यासारखं व्हायचं. गार्गी मात्र समोर आली की मोबाइलमध्ये बघायची. पाटणकरांनी पार्कात जाणं सोडलं. गुडघे दुखतात, असं ते सांगत.

आता ती त्यांच्या शेजारून चालत गेटाबाहेर आली आणि थेट गल्लीपलीकडच्या बिल्डिंगच्या कंपाउंडपाशी जाऊन उभी राहिली. इथेच ना, म्हणून तिनं विचारलं. पाटणकरांनी नाही अशी मान हलवली.

"इथे नाही. त्या विजेच्या पेटीच्या अलीकडे. तेव्हा तिथे इस्त्रीवाल्याचं टेबल होतं, साखळी लावलेलं. तू त्याच्या कोपऱ्यावर डावा हात ठेवला होतास. मग टेबल तापलं म्हणून रुमाल घातलास हाताखाली."

गार्गी त्यांच्याकडे बघत राहिली. रुमालाचं तिच्या स्वतःच्याही लक्षात नव्हतं. आता तिथे टेबल नव्हतं, पेव्हर ब्लॉक होते आणि कुणाच्या तरी दोन बाइक लावलेल्या होत्या. दोघांनी मिळून एक बाइक जराशी सरकवली.

मग तिनं तिथेच उभं राहून त्यांना कारण सांगितलं. त्या दुपारी बोलता बोलता तिनं बाबांना विचारलं होतं, मी दिसते का तुम्हाला नीट. बाबा म्हणाले, दिसतेस की, निळा ड्रेस छान दिसतोय तुला. तिच्या अंगात पिस्ता रंगाचा ड्रेस होता. तेव्हा ती काही बोलली नाही. पण त्यांना अँब्युलन्सनं नेल्यापासून एकच गोष्ट तिला कुरतडत होती, की बाबांना ती दिसलीच नसावी. ताप होता, कदाचित डोळ्यांपुढे अंधारी असेल, आणि तिला वाईट वाटू नये म्हणून तासभर ते दिसतंय असं दाखवत राहिले असतील. आईला विचारायचं धाडस तिला झालं नाही. आता ती खिडकीच राहणार नव्हती. पाडायच्या आधी एकदा वरून बघायचं होतं, पण त्यासाठी खाली कुणीतरी बरोबर त्याच जागी उभं राहायला हवं होतं.

तिनं खांद्याच्या पिशवीतून ओढणी काढली. पिस्ता रंगाची, घडीवर चुण्या पडलेली. त्या दिवसानंतर ती तिनं वापरलेली नव्हती.

"ही खांद्यावर घ्याल?"

पाटणकरांनी ओढणी घेतली, पण खांद्यावर टाकली नाही. दोन्ही हातांत धरून ते उभे राहिले. आज बोललो नाही तर परत नाही, हे त्यांना कळत होतं.

"गार्गी, आधी एक ऐक. गेट बंद करायचा नियम नव्हता. वॉर्डाचं पत्र फक्त तिसऱ्या मजल्यापुरतं होतं. खाली पॅसेजमध्ये येऊ देता आलं असतं तुला, अनंतला जिन्याच्या वळणावर आणता आलं असतं. मी आणलं नाही. नीलाचं शेवटचं केमो होऊन सहा आठवडे झाले होते. डॉक्टर म्हणाले होते, हिला आता नुसती सर्दीसुद्धा नको. मला दुसरं काही सुचत नव्हतं. मी तुला खोटं सांगितलं."

गल्लीतून एक रिक्षा गेली. ती जाईपर्यंत गार्गी थांबली.

"मला माहितीये, काका. ते पत्र जिन्यापाशी चिकटवलेलं होतं. बाबा गेल्यावर आईला न्यायला आले तेव्हा वाचलं मी."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार होते? काकूला मी बाल्कनीत बघितलं त्या दिवशी. डोक्याला स्कार्फ बांधलेला होता." मग तिनं विचारलं, "परत तसंच झालं तर उघडाल गेट?"

हो म्हणणं सोपं होतं. पाटणकरांच्या ओठांवर आलंही होतं. पण या मुलीशी आता आणखी एक खोटं बोलायचं त्यांच्या जिवावर आलं.

"माहीत नाही गं," ते म्हणाले. "नीला तशा अवस्थेत घरात असेल तर कदाचित नाही उघडणार. पण तासभर तुला एकटीला इथे उभं करणार नाही. बाहेर येऊन चार हात लांब का होईना, उभा राहीन."

गार्गीनं मान हलवली. ओढणी त्यांच्या हातातून घेऊन तिनंच त्यांच्या खांद्यावर टाकली, एक टोक पुढे ओढून सारखं केलं, आणि ती वर गेली.

पाटणकर विजेच्या पेटीजवळ उभे राहिले. ऊन नेमकं तोंडावर येत होतं. सत्तरी ओलांडलेला माणूस खांद्यावर बाईची ओढणी घेऊन वर बघत उभा आहे, हे बघून भाजीवाली शांताबाई हातगाडी थांबवून म्हणाली, की सावलीत तरी उभे राहा, कुणाची वाट बघताय. कारखानीसांच्या मुलीचं काम आहे, एवढंच त्यांनी सांगितलं. शांताबाईनं वर बघितलं, त्यांच्याकडे बघितलं आणि गाडी पुढे नेली.

फोन वाजला. वर खिडकीत गार्गी आली होती, तिच्यामागे शर्मिष्ठाची पांढरी साडी अर्धवट दिसत होती.

गार्गी म्हणाली, दिसताय. पण पिस्ताच दिसतोय काका, अगदी स्वच्छ पिस्ता. तिचा आवाज खाली गेला होता. यात निळं काय वाटणार कुणाला. बाबांना दिसतच नव्हतं म्हणजे.

तेवढ्यात फोनमधून मागचा शर्मिष्ठाचा आवाज आला, थोडा लांबून, पण स्पष्ट.

"अगं, खिडकी उघडी कशाला असेल? काच बंद होती तेव्हा. भावजींनीच सांगितलं होतं, तिसऱ्या मजल्यानं खिडक्या लावून घ्या म्हणून. तुझ्या बाबांनी आधी आतून काच पुसली, मग चष्मा पुसला, आणि मग उभे राहिले तुझ्यासाठी."

पाटणकरांना ती सूचना आठवली. स्वतःच्या हातानं लिहून त्यांनी ती ग्रुपवर टाकली होती. वर खिडकीची सरकती काच हळूहळू सरकत आली आणि तिच्याआड गार्गी अंधुक झाली. 'वनश्री'च्या सगळ्या खिडक्यांना एकसारख्या निळसर काचा होत्या, दुरुस्तीच्या वेळी त्यांनीच पसंत केलेल्या.

पाटणकरांनी फोन कानाला घट्ट धरला.

"निळी दिसतेय," गार्गी म्हणाली. "काका, ओढणी निळी दिसतेय."

पाटणकरांनी हात वर केला. का केला ते त्यांना कळलं नाही. काचेमागे गार्गीनंही केला. मग ती म्हणाली, की तुम्ही डोळे मिचकावताय तेसुद्धा दिसतंय, शर्टाचं वरचं बटण उघडं आहे तेही दिसतंय. मग फोन शर्मिष्ठानं घेतला आणि सांगितलं, भावजी, ऊन फार आहे, वर या आता.

तीन मजले चढून ते तीनशे दोनच्या दारात पोचले तेव्हा त्यांना धाप लागली होती. पाच वर्षांत ते या घरात आले नव्हते. भिंतींवर फोटोंच्या जागी फिके चौकोन राहिले होते. खुर्च्या गेलेल्या, म्हणून शर्मिष्ठानं त्यांना पुस्तकांच्या खोक्यावर बसवलं. गार्गी खिडकीखाली जमिनीवर बसली होती, नाक लाल झालेलं. ओढणीची घडी घालून पाटणकरांनी तिच्या हातात दिली.

मग त्यांना राहवेना. ते सांगायचं तर गेटाचंही सांगावं लागणार, म्हणून इतकी वर्षं त्यांनी जे कुणालाच सांगितलं नव्हतं, ते सांगितलं. त्या दुपारी गार्गी निघून गेल्यावर अनंत खिडकीतून हलला नव्हता. पाटणकर गेटापाशीच होते. अनंतनं काचेवर टकटक केलं. तोंडानं बोलला तर ऐकू येणार नव्हतं, म्हणून त्यानं आपल्या डोक्यावर दोनदा थापटलं आणि हातानंच विचारलं. पाटणकरांना आधी कळेना, डोकं दुखतंय की काय. मग कळलं.

"हेल्मेट घातलं का पोरीनं, असं विचारत होता. मी मान हलवली. घातलंय म्हटलं. तेव्हा कुठे आत गेला."

गार्गी हसायला लागली आणि हसता हसता तिनं ओढणीत तोंड घातलं. शर्मिष्ठानं तिच्या पाठीवर हात ठेवला. तिचेही डोळे वाहत होते, पण ती पाटणकरांकडे बघून म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. हे मला आत येऊन म्हणाले होते, नंदू आहे खाली, काळजी नाही. मला वाटलं तापात बोलतायत."

पाटणकर खोक्यावर खाली मान घालून बसले. खाली टेम्पोत कुणाचं तरी कपाट चढवत होते, त्या हमालांचा आवाज येत होता.

कप बांधून झाले होते, म्हणून चहा वाट्यांतून घेतला. गार्गीनं विचारलं, की बाबा पार्कात काय बोलायचे तुमच्याशी. पाटणकर म्हणाले, बोलायचा कुठे, बोलायचो मीच. पण मग एकेक आठवत गेलं. पार्कात एकदा माकडानं अनंतच्या हातातली केळी पळवली, तर हा त्याला सालीसकट खाऊ नको म्हणून समजावत बसला होता. गार्गीचा बारावीचा निकाल लागायच्या आदल्या दिवशी त्यानं न बोलता एकाच्या जागी तीन फेऱ्या मारल्या होत्या, आणि पाटणकरांचे पाय मोडायची वेळ आली होती. यातलं काहीच गार्गीनं ऐकलेलं नव्हतं. शर्मिष्ठानंही नाही.

नवरा अजून परत का नाही म्हणून पाचच्या सुमाराला नीला वर आली. तिनं दारातून आतला प्रकार बघितला. मग तिनं भांड्यांचं एक खोकं पुढे ओढलं आणि पदर सावरून त्यावर बसली. पाटणकर तेव्हा माकडाची गोष्ट, गार्गीच्या आग्रहावरून, दुसऱ्यांदा सांगत होते.