खडे भरलेली बादली

रूपावर जाऊ नका, मी पत्र्याची साधी बादली आहे. तळ चेपलेला, कडी तुटली तिथे तार गुंडाळलेली. पण माझा आवाज एका आख्ख्या कळपाला तोंडपाठ होता.

माझे मालक मेंढ्या पाळायचे आणि मटण स्वतःच घरून विकायचे. मध्ये दलाल नाही. जनावराला ओढायचं नाही, काठी लावायची नाही, हा त्यांचा शिरस्ता. ते माझ्यात मूठभर मका टाकत आणि मला खुळखुळवत पुढे चालत. म्होरकी मेंढी निमूट मागे येई आणि तिच्यामागे बाकीच्या. जिची पाळी असे ती भिंतीआड जाई. बाकीच्यांना काही दिसत नसे. मला हे काम आवडायचं असं मी म्हणणार नाही. पण निदान माझ्यातला घास खरा असायचा.

पुढे नियम आला. घरी कापायचं नाही. कत्तलखान्यात न्यायचं, तिथे डॉक्टर तपासणार, शिक्का बसला की मगच विकायचं. आदल्या दिवसापासून चारा बंद, फक्त पाणी. मालकांनी आधी नाक मुरडलं. सुनेने त्यांना समजावलं की आजारी जनावर कुणाच्या ताटात जाऊ नये म्हणूनच हे आहे. ते त्यांना पटलं. मलाही पटलं.

अडचण एकच होती, परक्या दारातून मेंढ्या आत जाणार कशा? मालकांनी म्होरकीला सोबत घेतलं. तिने फक्त वाट दाखवायची आणि परत यायचं. उपाशी ठेवलेल्या कळपात दाणा तर नेता येत नव्हता. मग त्यांनी अंगणातले खडे उचलून माझ्यात टाकले.

"आवाज तोच येतोय," ते सुनेला म्हणाले. "तिला काय कळतंय?"

म्होरकी आली. तिच्या भरवशावर बाकीच्याही आल्या आणि सरळ आत गेल्या. दार लागलं. बाहेर उरलेल्या म्होरकीने सवयीने माझ्यात तोंड घातलं. दातांखाली खडा आला. तेवढ्यात आतून एक मेंढी ओरडली. म्होरकीने मान वर केली आणि मालकांकडे पाहत राहिली. त्यांनी मला पाठीमागे धरलं. पत्र्यालाही लाज वाटते, हे मला तेव्हा कळलं.

त्यानंतर म्होरकी माझ्या आवाजाला आली नाही. ती हलली नाही म्हणून कळपही हलला नाही. पुढच्या खेपेला मेंढ्यांना पाय धरून ओढावं लागलं. पाणी पाजलं होतं, तपासणी झाली, शिक्काही बसला. नियमात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. मालक घरी येऊन न जेवता झोपले. सकाळी त्यांनी सुनेला धंदा बंद करायला सांगितलं.

"अहो बाबा, मग खायचं काय?" तिने विचारलं.

"दुसरं काहीही करू. ओढून नाही न्यायचं."

आता कळप विकला गेलाय. म्होरकी तेवढी त्यांनी ठेवून घेतली आहे. रोज संध्याकाळी ते माझ्यात चांगला निवडलेला मका भरतात, मला तिच्यासमोर ठेवतात आणि शेजारी उकिडवे बसतात.

"बघ तरी गं," एवढंच म्हणतात.

ती बाजूचं गवत खाते. सकाळी चिमण्या येऊन मला रिकामी करतात.

तुमच्यापैकी कुणाला मेंढ्यांची भाषा येत असेल, तर एक उपकार करा. तिला सांगा, आज माझ्यात खरंच मका आहे.