थोरलीला दोन हाका

घरात तिला अजून धाकटी म्हणत. थोरली सातव्या वर्षी तापानं गेली, त्याला तीस वर्षं झाली. तरी धाकटी धाकटीच राहिली. मोठं व्हायला तिला कोणी जागाच करून दिली नाही.

बाबा इस्पितळाचे पहिले प्रोग्रॅमर. रक्तपेढीतल्या दोन फ्रिजवर नजर ठेवणारा प्रोग्रॅम त्यांनी एकट्यानं लिहिला होता. दर मिनिटाला तो फ्रिजना तापमान विचारायचा आणि आकडा चढला की घंटा वाजवायचा. घंटा चुकली तर रक्त नासणार, आणि नासलेलं रक्त कोणाच्या तरी अंगात जाणार. एवढं साधं, एवढं भयंकर काम. बाबा निवृत्त झाले, मग हळूहळू त्यांची आठवणही निवृत्त झाली. आता खिडकीशी बसून ते दिवसभर शर्टाची बटणं लावत आणि काढत. प्रोग्रॅम त्याच इस्पितळात नोकरीला लागलेल्या धाकटीच्या पदरात आला होता, पण तो आतून वाचायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

नवे साहेब आले ते नियमावली घेऊन. माणूस वाईट नव्हता. बाबांचा कोड बाबांशिवाय कोणाला उलगडत नाही, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. कोडमध्ये मावशीपासून आजेसासूपर्यंत सगळं गोत नांदत होतं. नवखा माणूस आधी सोयरीक विचारेल, मग काम, असं साहेब म्हणाले तेव्हा धाकटीही हसली. नियम सरळ होते. नाव वस्तूचं असावं, नात्याचं नाही. घरगुती टिपा नकोत. तीच ओळ दोनदा नको. नियम तपासणारी एक यंत्रणा होती. चूक दिसली की ओळीखाली लाल रेघ ओढायची. सगळे तिला मास्तर म्हणत.

नावं बदलायचं आणि टिपा खुडायचं काम शेजारच्या टेबलावरच्या लंबूनं एका दुपारीत उरकलं. कोड धाकटीच्या हाती आला तेव्हा फ्रिजांची नावं 'कपाट एक' आणि 'कपाट दोन' झाली होती, आणि लाल रेघ एकच उरली होती. कपाट दोनला तापमान एकदाच विचारलं होतं. कपाट एकला मात्र लागोपाठ दोनदा, आणि पहिलं उत्तर न बघताच टाकून दिलं होतं.

तिनं ती ओळ त्या दिवशी तशीच ठेवली. बाबा उगाच काही लिहीत नसत.

संध्याकाळी त्यांची चुकलेली बटणं नीट लावता लावता तिनं विचारलं, रक्तपेढीत कपाट एकला दोनदा का विचारायचं? बाबांनी कपड्यांच्या कपाटाकडे पाहिलं. मग अगदी शहाण्या माणसासारखे म्हणाले, "थोरली एका हाकेत उठत नाही. पहिल्या हाकेला झोपेतच हो म्हणते. ते हो खरं धरू नये."

तीस वर्षांनंतरही ते त्या अंथरुणाशी बसलेत, असं धाकटीला वाटलं. तिनं त्यांची कॉलर सारखी केली. पुन्हा विचारलं नाही.

सकाळी तिनं ती ओळ काढली. मास्तर गप्प झाला. चाचणीत दोन्ही कपाटांनी चार अंश दाखवले, आणि फ्रिज खरोखर चारवरच होते. कपाट एकचा आकडा तर जराही हलेना. सगळ्यांना बरंच वाटलं.

तीन आठवड्यांनी, एका शनिवारी, कपाट एकची मोटर बसली. पडद्यावर चार. रविवारी, चार. त्या दिवशी हातमोजे घातलेल्या हातानं कोणीतरी घाईत एक पिशवी काढून वर नेली. सोमवारी सकाळी रक्तपेढीच्या बाईंनी दार उघडलं आणि त्यांच्या उघड्या हाताला गार लागलं नाही.

पिशवी लागली होती एका शिंपिणीला. बाळंतपणात तिचं रक्त फार गेलं होतं. आधी हुडहुडी भरली, मग ताप, आणि सोमवारी दुपारी ती गेली. बाळाच्या अंगात तिनंच शिवलेलं झबलं होतं. त्याला एक बंद लावायचा राहिला होता.

दुरुस्तीवाल्यानं कपाट एकमधला तापमान मोजणारा जुना सेन्सर तळहातावर घेतला. ही याची खोडच आहे, म्हणाला. विचारलं की जागा होतो आणि मागचाच आकडा सांगतो. लगेच परत विचारलं तरच नव्यानं मोजतो, नाहीतर पुन्हा झोपतो. "इतकी वर्षं चाललंय म्हणजे तुमच्यात कोणाला तरी ठाऊक असणार."

धाकटीनं जुनी प्रत उघडली. कपाट एकचं नाव होतं थोरली. वर बाबांची टीप: थोरलीला दोन हाका. पहिली उठवायला, दुसरी विचारायला.

खाली दुसऱ्या फ्रिजचं नाव, आणि टीप एवढीशी: धाकटी लगेच खरं सांगते.



साहेबांचा चेहरा उतरला होता. खुर्ची ओढून ते हळू आवाजात म्हणाले, चौकशीत जुन्या कोडचा दोष असं लिहू. बाबांना आता कोण काय करणार, आणि त्यांना तरी काय कळणार?

तिनं दुसरी हाक कोडमध्ये परत लिहिली. मास्तरनं खाली लाल रेघ ओढली. तिनं ती तशीच राहू दिली, चौकशीचा कागद पुढे घेतला आणि लिहिलं: ओळ मी काढली. विचारलं होतं, पण एकदाच.

घरी आली तेव्हा बाबा खुर्चीतच कलंडले होते, छातीवरची दोन बटणं उघडी. सगळं त्यांना सांगायचं असं रस्ताभर ठरवत आली होती.

"बाबा."

"हो," बाबा झोपेतच म्हणाले.

तिनं वाकून ती दोन बटणं लावली. दुसरी हाक मारली नाही.