आईच्या आवाजात

तिने सूपचा वाडगा दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवला, टकटक केली आणि बाजूला झाली. आता ती गेल्याशिवाय बाबा दार उघडणार नव्हते.

नियम त्यांचेच. फ्लूचा ताप भरला तसं त्यांनी स्वतःला आतल्या खोलीत कोंडून घेतलं होतं आणि तिथून हुकूम सुटत होते. भांडी वेगळी, टॉवेल वेगळा, कड्या साबणाने पुसायच्या, घरातही मास्क. आईने तर तिकडे फिरकायचंच नाही. जन्मभर सर्दीखोकला अंगावर काढत बस चालवलेला हा माणूस साध्या फ्लूला एवढा भ्याला, म्हणून लेक पोट धरून हसायची. आईही हसायची, पण जरा उशिराने.

मायलेकींचा आवाज इतका सारखा की फोनवर मावशीसुद्धा फसायची. आज आई बाजारात गेली होती. लेकीला लहर आली. तिने आईचा सूर लावला.

"अहो राजेसाहेब, जेवण आलंय. बाहेर यायला मुहूर्त काढायचा का?"

आत खाट करकरली.

"तू कशाला आलीस इकडे?" बाबांचा आवाज चढला. "ढमीला पाठवायचं ठरलंय ना आपलं?"

ढमी म्हणजे तीच. तिने हसू दाबलं.

"एवढं काय आभाळ कोसळलंय?"

"अगं, सोमवारी ऑपरेशन आहे तुझं!" त्यांना खोकल्याची उबळ आली. "ताप आला तर पुढे ढकलतील. ती गाठ थांबणार आहे का आपल्यासाठी? जा, आधी हात धू."

मास्कच्या आत तिचं हसू तसंच राहिलं, पुसायला कुणी विसरल्यासारखं.

"पोरीला सांगायचं नाही म्हणतेस, ते मला पटत नाही," आवाज खाली आला. "पण तुझ्या शब्दाबाहेर नाही मी. गेलीस का?"

"गेले," ती म्हणाली. हा आवाज कुणाचा लागला, तिला कळलं नाही.

स्वयंपाकघरात नळ सोडून ती नुसतीच उभी राहिली. सकाळी बालवाडीत तिने कितीतरी पोरांची नाकं पुसली होती. एक कार्टं तर थेट तिच्या तोंडावर शिंकलं होतं. आणि घरी आल्याआल्या, कपडेही न बदलता, ती मास्क काढून आईच्या मांडीवर लोळली होती.

तिने कोपरापर्यंत हात धुतले. पुन्हा धुतले. मग मोठ्या बाईंना फोन लावला.

"बाई, मला थोडे दिवस सुट्टी हवी."

"तुलाही ताप आला की काय?"

"नाही. येऊ नये म्हणून."

तिने फोन ठेवला, तेवढ्यात कुलूप उघडल्याचा आवाज आला.

"सूप घेतलं का त्यांनी?" आई आत येत म्हणाली. "काही म्हणाले?"

तिने मान हलवली. हो की नाही, ते तिलाही ठाऊक नव्हतं. मास्कच्या वर फक्त डोळे दिसत होते. आई ते पाहत राहिली. मग तिने हातातली पिशवी सावकाश जमिनीवर टेकवली.

"ढमे," ती म्हणाली आणि हात पसरून पुढे आली.

लेकीचं पाऊल उचललं गेलंच होतं. ती एकदम मागे सरकली, पाठ भिंतीला लागेपर्यंत.

"नको, आई," तिने दोन्ही तळहात पुढे धरले. "जवळ येऊ नकोस माझ्या."