नव्याण्णव नंबरचा प्रोजेक्ट

चाकणच्या त्या कारखान्यात गाड्यांच्या सीटा बनत, आणि वीस वर्षे प्रत्येक नवी सीट म्हणजे एक नवा प्रोजेक्ट असे. प्रोजेक्टला नंबर मिळे, दहा-बारा माणसे मिळत. सीट गाडीत बसू लागली की पेढे वाटून ती माणसे पुढच्या नंबरावर निघून जात. अट एकच होती: शिल्लक कामांची यादी कोरी झाल्याखेरीज पेढे नाहीत.

यादी कोरी करण्याची वाट सर्वांना ठाऊक होती. उरलेले काम नव्याण्णव नंबरवर ढकलायचे. हा नंबर कधी काळी कोणी तरी संगणक तपासण्यासाठी उघडला होता. त्याला ना सीट होती, ना माणसे.

यंदा कंपनीने ही रीतच मोडली. आता प्रोजेक्ट नाहीत. एकेक वस्तू एकेका गटाच्या हवाली, आणि ती रस्त्यावर धावते आहे तोवर तिची जबाबदारी त्याच गटाची. सीटची पाठ हव्या त्या कोनात अडकवून धरणारे लॉक जयमालाच्या वाट्याला आले. सतरा वर्षे चोख काम केलेली बाई म्हणून तिची ख्याती होती. सोमवारी तिने लॉकच्या साऱ्या जुन्या नोंदी मागवल्या, तेव्हा नव्याण्णव नंबरने एक्केचाळीस कामे तिच्यापुढे आणून ठेवली.

प्रत्येक कामापुढे नावे होती. नोकरी सोडून गेलेल्यांची, निवृत्त झालेल्यांची, दोन तर वारलेल्यांची. ज्या घरात कोणी राहतच नाही त्याच्या दारात ही माणसे वर्षानुवर्षे उभी आहेत, असे तिला वाटले. सतराव्या ओळीवर मात्र तिची नजर थिजली.

‘आत धूळ गेल्यावर लॉक पूर्ण न बसताही बसल्याचा आवाज येतो. नोंदवणारे: चिमाजी. पुढे पाठवणारी: जयमाला.’

आठ वर्षांपूर्वीची ती सकाळ होती. लॅबमधले जुने कारागीर चिमाजीअण्णा तिला बोलावून म्हणाले होते, “ताई, ह्ये वाजतंय, पर बसत न्हाई. हात लावून बघा.”

“अण्णा, बाहेर पेढे आलेत. पुढच्या प्रोजेक्टला बघू.”

“म्होरला कुनाचा?”

ती हसली होती. निवृत्तीनंतर वर्षभरात अण्णा गेले. लॉक मात्र ‘मंजूर’ म्हणून पुढच्या पाच मॉडेलांत जसेच्या तसे बसले. मंजूर वस्तू पुन्हा तपासायची पद्धतच नव्हती. मधूनमधून तक्रारी आल्या होत्या. त्यांच्यावर शेरा होता: ‘चालकाने लॉक नीट लावले नाही.’

वरिष्ठ ज्ञानेश सरांनी यादी पाहिली आणि हात झटकला. “सगळ्यांवर ‘कालबाह्य’ मार. सीटवाल्या गटाने तीनशे मारली काल. बुधवारी मोठे साहेब बघणार आहेत.”

“सर, त्यातलं एक माझं आहे.”

“मग ते आधी मार! आठ वर्षांनी आपल्याच हाताने पायावर धोंडा कशाला पाडून घेतेस?”

तिने नोंद उघडली. ‘कालबाह्य’ शब्दावर बोट नेले आणि मागे घेतले. संध्याकाळी संत तुकाराम नगरला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये पुढच्या माणसाने सीट मागे केली. टक्. कोपऱ्यापासून घरापर्यंत चालताना शेजाऱ्यांच्या उभ्या गाड्यांकडे तिला बघवेना. त्यांतल्या कितींत तिचे लॉक होते, हे तिला दुरून ओळखता येत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती लॅबमध्ये गेली. अण्णांच्या हाताखाली तयार झालेला इम्तियाज आता तिथला मुख्य होता.

“मॅडम, इकडं कुठं? ऑफिसातला चहा संपला काय?”

“इम्तियाजभाई, आजच्या लॉटमधलं एक लॉक लावा. धूळ घालून.”

तो जागचा उठला. मग कपाटाच्या तळातून त्याने पत्र्याचा डबा काढला. “अण्णांनी त्यांच्या गावच्या रस्त्यावरची चाळून आणलेली. कंपनीची धूळ विलायती, पावडरीसारखी. अण्णा म्हणायचे, गाडी काय विलायतेत चालणार हाय व्हय?”

तो धूळ टाकून मशीनवर लॉक लावी, ती सीटची पाठ ओढून बघे. दहा झाले. वीस झाले. प्रत्येक वेळी पाठ घट्ट. अण्णा चुकले असतील, या विचाराने तिला हायसे वाटले, आणि त्या हायसे वाटण्याचीच तिला शरम वाटली.

तेविसाव्या वेळी आवाज तसाच आला. स्वच्छ, भरवशाचा. टक्. तिने हात लावला, आणि पाठ सपशेल मागे कोसळली.

इम्तियाजने हळूच मशीन बंद केले. “या अल्ला,” तो पुटपुटला. “अण्णा किती वेळा सांगायचे. आम्ही त्यांना ‘धुळीबाबा’ म्हणून चिडवायचो.”

जयमालाने तिथेच संगणक उघडला. जबाबदार व्यक्तीच्या रिकाम्या चौकटीत स्वतःचे नाव लिहिले आणि ज्ञानेश सरांना फोन लावला.

“सर, लॉकचा लॉट थांबवा. अण्णांचं खरं निघालं. पाठ पडली.”

“कुणाच्या नावावर थांबवू?”

“माझ्या. तेव्हा मला माहीत होतं, हेही लिहा.”

“अगं, नोकरी जाईल.”

“जाईल, सर. पण बाहेर सहा मॉडेलं आहेत. आठ वर्षांच्या गाड्या.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला आणि थांबला. “सहा,” ते सावकाश म्हणाले. “म्हणजे आमचीसुद्धा.”

“तुमचीसुद्धा. ती आज बाहेर काढू नका.”

“पुनम घेऊन गेली कालच. तळेगावला, माहेरी. आत्ता निघाली असेल परत.”

“मग माझा फोन ठेवा आणि वहिनींना लावा, सर. गाडी बाजूला घ्यायला सांगा. सीटची पाठ धरून जोरात ओढून बघा म्हणावं. आवाजावर जाऊ नका म्हणावं.”