रेडिओमागची पुरचुंडी

माझ्या नवऱ्यानं माझ्या बाबांच्या गळ्याचं हाड कचऱ्यात टाकलं. तेही नीट वर्गवारी करून, पारदर्शक पिशवीला गाठ मारून, ठरलेल्या वारी, गाडी यायच्या आत. कुणाला सांगावं तर जीभ रेटत नाही आणि न सांगावं तर पोटात राहत नाही.

माझा नवरा तेत्सुरो वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी त्यांना बरंच बोलणार आहे. कारखान्यातली विजेची कामं करून ते निवृत्त झाले आणि तेव्हापासून आमच्या घरात एक वस्तू सुखानं नांदलेली नाही. जुन्या घड्याळाचा दिवा झाला. माझ्या शिलाई मशीनचं टेबल झालं, आणि मी शिवायचं कशावर हे कुणी विचारलं नाही. माणूस रिकामा बसला की काय काय करतो ते मला विचारा. अशात त्यांची नजर आमच्याकडंच राहणाऱ्या माझ्या आईच्या रेडिओवर गेली.

आईचा रेडिओ व्हॉल्व्हचा, लाकडी, दोन हातांनी कवेत घेऊन उचलावा लागे एवढा. पुढं पिवळं पडलेलं कापड, खाली दोन गोल खुंट्या आणि वर एक हिरवा डोळा. खुंटी फिरवली की आतले व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबायचं, मग तो डोळा हळूहळू उघडायचा. त्यांच्या लग्नाच्या पहिल्या वर्षी बाबांनी तो घेतला होता. बाबा इथल्याच, हिमेजीच्या मासळी बाजारात लिलाव पुकारायचे. आवाज असा, की घरात ‘चहा टाक’ म्हणाले तर शेजारीण चहा टाकायची.

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. रेडिओ त्यांच्याही आधी मुका झाला होता; नुसता डोळा तेवढा उघडायचा. तरी आई रोज सकाळी तो लावायची, पुढ्यात बसायची आणि बोलत राहायची. बांगडा महागलाय, समोरच्या तोयामांची सून पुन्हा माहेरी गेली, गुडघा आज बरा आहे. आधी आम्ही हसायचो. मग मला काळजी वाटायला लागली आणि मी जाऊन डॉक्टरांना विचारून आले. वय झालं की असं होतं, म्हणाले. तेव्हापासून मी ते मनावर घेतलं नाही.

‘मुक्या रेडिओपुढं बसते बिचारी,’ असं तेत्सुरो म्हणायचे. त्यांनी ठरवलं की आतलं सगळं काढायचं आणि त्या लाकडी खोक्यात कॉम्प्युटर बसवायचा. म्हणजे वस्तू तीच राहील, आईला तिची जुनी गाणी ऐकता येतील आणि साप्पोरोला असलेला पणतू समोर पडद्यावर दिसेल. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, करा. खोटं कशाला बोलू, मला कल्पना आवडली होती.

आई तिच्या बहिणीकडं ओकायामाला गेली आणि यांनी मोका साधला. टेबलावर वर्तमानपत्र पसरून रेडिओ पालथा केला. आतला लोखंडी सांगाडा बाहेर निघाला, जडशीळ ट्रान्सफॉर्मर निघाला, धुळीनं काळे झालेले व्हॉल्व्ह निघाले. व्हॉल्व्ह मात्र त्यांनी कापसात गुंडाळून डब्यात ठेवले, जपून. बाकीच्याचे ढीग केले. धातू एकीकडं, वायरी एकीकडं, जळणारं एकीकडं. आमच्या गल्लीत कुणाची पिशवी चुकीची निघाली तर तिच्यावर लाल चिठ्ठी चिकटवून ती तिथंच ठेवतात, सगळ्या गल्लीनं बघायला. आमच्या पिशवीवर आजवर एकदाही लाल चिठ्ठी लागलेली नाही, याचा या माणसाला केवढा अभिमान.

मग त्यांनी आत मदरबोर्ड बसवला, पाठीमागच्या फळीला भोकं पाडून पंखा लावला. जुन्या खुंटीला चालू-बंदचं बटण जोडलं. आणि डोळ्याच्या जागी हिरवा दिवा, तोही असा की एकदम पेटायचा नाही, सावकाश उजळायचा, पहिल्यासारखा. मी कितीही चिडलेली असले तरी हे म्हणेन, की काम देखणं झालं होतं.

आई परतली ती हातात ओकायामाच्या मिठाईचा पुडा घेऊन. कोटही न काढता ती सरळ रेडिओकडं गेली. तेत्सुरो भिंतीला टेकून उभे, हात पाठीमागं, ओठ दाबून हसू आवरत. आईनं खुंटी फिरवली. डोळा उजळला, शेजारचा पडदा उजळला आणि तिच्या तरुणपणचं गाणं सुरू झालं. तिनं पडद्याकडं पाहिलंच नाही. तिनं रेडिओच्या मागं हात घातला, आणि तो हात तिथंच राहिला.

‘इथं पुरचुंडी होती,’ ती म्हणाली. ‘पांढऱ्या कापडाची.’

‘ती होय, आई?’ तेत्सुरो खुशीत होते. ‘ओल शोषून घ्यायची पुडी ना? आतून पार दगड झाली होती. टाकली मी ती. हे बघा, नव्या दोन लावल्यात.’

आता यात त्यांचं चुकलं काय ते तुम्हीच सांगा. वाळवलेल्या शेवाळाच्या डब्यात पुडी, तांदळाच्या पापड्यांत पुडी, आणि आईनं जन्मात एक पुडी फेकलेली नाही. चपलांच्या कपाटात पुडी, फोटोंच्या अल्बममध्ये पुडी, बाहुल्यांच्या खोक्यात तर पाच-सहा. पावसाळी ओलीत बुरशी येऊ नये म्हणून. आमच्या घरात पांढरं, छोटं, टणक काही सापडलं तर ती ओल शोषणाऱ्या चुन्याचीच पुडी असणार, दुसरं काही असेल हे कुणाच्या डोक्यात येईल?

आई चटईवर बसली.

‘ते तुमचे सासरे होते, तेत्सुरोसान,’ ती म्हणाली.

मला आधी अर्थच लागला नाही. वाटलं, डॉक्टर म्हणाले होते ते हेच. गाणं चालूच होतं, ते बंद करायचंही कुणाला सुचलं नाही. मग आई सांगायला लागली.

दहनानंतर बाबांची हाडं आम्ही दोघींनी मिळून काड्यांनी उचलली होती. सगळ्यात शेवटी गळ्याचं हाड. पुढून पाहिलं तर मांडी घालून बसलेल्या बुद्धासारखं दिसतं ते. छान शाबूत राहिलंय, असं स्मशानातला माणूसही म्हणाला होता. ते वेगळ्या लहान भांड्यात ठेवलं. आमच्याकडं रीतच आहे, मोठं भांडं घरच्या थडग्यात आणि लहान भांडं क्योतोच्या मुख्य मठात. मी एकटी जाते, असं आईनं तेव्हा हट्टानं सांगितलं, गेली आणि संध्याकाळी दालचिनीच्या वड्या घेऊन परत आली. त्या वड्या मी चहाबरोबर खाल्ल्या होत्या. दर वर्षी बाबांच्या तिथीला मी क्योतोच्या दिशेनं हात जोडले, आणि बाबा माझ्या पाठीमागं, रेडिओच्या फळीवर.

‘मठाच्या दारापर्यंत गेले होते,’ आई म्हणाली. ‘तिथं हजारो माणसांची हाडं एकत्र करतात. म्हटलं, एवढ्या गर्दीत यांचं कोण ऐकणार? पुकारून पुकारून दमतील.’

रेडिओमागंच का, असं मी विचारलं. आवाजाची वस्तू आणखी कुठं ठेवायची, म्हणाली, कपाटात?

तेत्सुरो अनवाणीच बाहेर पळाले. कचरा ठेवायची जागा धुऊन स्वच्छ होती, कावळे येऊ नयेत म्हणून टाकायची जाळी घडी करून ठेवलेली होती. गाडी कालच येऊन गेली होती. तरी त्यांनी मला ओढत मोटारीत बसवलं आणि आम्ही कचरा जाळायच्या कारखान्यावर गेलो.

तिथल्या खिडकीतला माणूस पोरगेलासा होता. तेत्सुरोंनी सगळं सांगितलं, मान खाली घालून, कारखान्यात चूक झाल्यावर साहेबापुढं सांगावं तसं. ऐकून झाल्यावर त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. कालच्या गाड्या खड्ड्यात रिकाम्या झाल्या, खड्ड्यातला कचरा रात्रीच भट्टीत गेला, आणि राख बोटीतून समुद्रात भराव घालायला जाते, असं त्यानं सांगितलं. अगदी अदबीनं सांगितलं. त्यानं आमच्यावर ओरडायला हवं होतं, असं मला वाटत होतं. एकदा जळलेल्या माणसाला आम्ही पुन्हा जाळलं होतं, शेजारपाजारच्यांच्या भाजीच्या देठांबरोबर.

परतताना मी त्यांना सोडलं नाही. जे तोंडात येईल ते बोलले. नाही त्या उठाठेवी करायला सांगितलं कुणी होतं, व्हॉल्व्ह कापसात ठेवलेत आणि बाबा कचऱ्यात, तुमच्या हाताला तरी कळायला नको होतं का. त्यांनी मोटार कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

‘हलकं होतं गं, साचिए,’ ते म्हणाले. ‘फार हलकं होतं.’

चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्यासमोर कधी रडला नव्हता.

घरी आलो तर आईनं भात लावला होता. गाणं बंद होतं, पडदा काळा होता, आणि ती रेडिओपुढं बसली होती, पण गप्प. तेत्सुरोंनी तिच्यापुढं गुडघे टेकले आणि कपाळ चटईला लावलं.

आईनं त्यांना उठायला सांगितलं, गुडघे दुखतात ना तुमचे, म्हणाली. पुड्या साठवायची खोड माझी, तुम्हाला काय बोल लावू. इतक्या शांतपणे बोलली, की माझ्या डोक्यात तिडीक गेली. हा माणूस जमिनीवर पडून कापतोय, बाबा समुद्रात गेलेत, आणि हिचा आवाजसुद्धा चढत नाही. अकरा वर्षं हिनं आम्हाला खेळवलं, असं वाटलं मला. माझेही बाबा होते ते.

‘सांगितलं का नाहीस?’ मी म्हटलं. ‘मी कोण परकी होते? एका घरात राहून मला पत्ता नाही. माझ्यापासून काय लपवायचं होतं तुला?’

आईनं माझ्याकडं पाहिलं. मघापासून पहिल्यांदाच पाहिलं.

‘मी रोज सकाळी इथं बसून बोलायचे,’ ती म्हणाली. ‘तू धुण्याची टोपली घेऊन माझ्या मागून जायचीस. रोज. एकदा तरी थांबून विचारलंस, आई, कोणाशी बोलतेस म्हणून?’

टोपली घेऊन गेल्याचं मला आठवत होतं. ती काय बोलत असायची तेही आठवत होतं, कारण ते मी जाता जाता ऐकायचे आणि पुढं जायचे. तेत्सुरो हळूच भिंतीकडं सरकले.

‘विचारलं असतं तर सांगितलं असतंस?’ मी म्हटलं.

‘लगेच,’ आई म्हणाली. ‘वाटच बघत होते.’